बायकोच्या खुब्याचा विमा

ऑकलंडमधील मनुरेवा आणि परिसरातील तमाम मराठी बंधुभगिनींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या घरातील आरोग्य विम्याचा प्रश्न अखेर निकालात निघाला आहे. या प्रश्नावर ज्यांनी ज्यांनी फोनवरून, व्हॉट्सॅपवरून, देवळाच्या पार्किंगमध्ये आणि एकदा तर पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्हाला मार्गदर्शन केलं, त्या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. यापुढे कृपया कोणीही मार्गदर्शन करू नये. आमची ऐकून घेण्याची ताकद संपलेली आहे.

जाहीर निवेदन समाप्त. आता काय झालं ते सांगतो.

माझी बायको इथल्या एका किंडीत, म्हणजे बालवाडीत शिकवते. शिकवते म्हणजे दिवसभर जमिनीवर असते. तीन-चार वर्षांची पोरं खुर्चीत बसून काहीही करत नाहीत. ठोकळे खाली, रंग खाली, भांडणं खाली. सामोअन, टोंगन, माओरी, पंजाबी, सगळ्यांना हिच्याच मांडीवर जागा हवी असते. न्यूझीलंडला आल्यावर हिने आधी सुपरमार्केटच्या फळ्यांवर माल लावला, मग एका ऑफिसात बसून लोकांचे फोन घेतले, मग चाळिशीत पुन्हा कॉलेजात जाऊन ही नोकरी मिळवली. या कामात ती सुखी आहे हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण आधीच्या दोन्ही कामांबद्दल ती घरी येऊन काय बोलायची ते मी ऐकलेलं आहे.

तर तिचा डावा खुबा गेला होता. त्या सांध्याची वाटी म्हणे जन्मापासूनच उथळ. बाकी कुणाला कळलं नाही, हिलाही नाही, पण सांध्याला माहीत होतं, आणि पन्नाशीच्या आतच तो हाडावर हाड घासायला लागला. आमच्या जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, एक्स-रे बघून सांगितलं की सांधा बदलावा लागेल. बदलला की काही महिन्यांनी जपून खाली बसता-उठता येईल. किंडीच्या मुख्य बाईंनीही प्रेमाने सांगून ठेवलं होतं की जमिनीवर जमत नसेल तर वर्गावर ठेवणं कठीण आहे, आपण ऑफिसात काहीतरी बघू. ऑफिसात म्हणजे पुन्हा फोन. सरळ हिशेब होता. ऑपरेशन वेळेत झालं तर पोरं, नाही झालं तर फोन.

सरकारी इस्पितळात हे ऑपरेशन फुकट होतं आणि उत्तम होतं. फक्त रांग मोठी असते, आणि त्या रांगेत घुसायलाच मार्क लागतात. थट्टा करत नाही. किती दुखतं, किती चालवतं, झोप लागते का, मोजे घालता येतात का, हे सगळं विचारून मार्क देतात आणि जास्त मार्कवाल्यांना आत घेतात. मला वाटलं, मार्क म्हटल्यावर आपल्याला कसली भीती? माझी बायको दहावीला केंद्रात पहिली आलेली आहे. ही गोष्ट लग्न ठरताना मला सांगितली गेली होती आणि अधूनमधून अजूनही सांगितली जाते.

तपासणीला आम्ही गेलो. समोरची फिजिओथेरपिस्ट मुलगी आडनावावरून मराठी निघाली, आणि दोन मिनिटांत नाशिकची निघाली. पाच मिनिटांत हिच्या मामेबहिणीच्या गल्लीतली निघाली. मी मनातल्या मनात हात चोळले. घरचाच परीक्षक मिळाला होता.

"काकू, दुखतं का खूप?" मुलीने विचारलं.

"तसं काही नाही गं," ही म्हणाली. "कामाच्या नादात कळत पण नाही."

"चालायला किती जमतं?"

"चालते की. घरातलं सगळं मीच करते."

"मोजे घालता येतात?"

आता, हिला मोजे रोज सकाळी मी घालत होतो. म्हणून मी तोंड उघडलं. टेबलाखालून हिने चांगल्या पायाने माझा पाय दाबला.

"घालते," ही म्हणाली. "थोडा वेळ लागतो इतकंच."

मग ती मुलगी विचारायला लागली की सांडगी मिरच्या इथे वाळतात का, कारण तिच्या तर दरवेळी बुरशी येऊन जातात. हिने तिला सविस्तर सांगितलं की अंगणात ठेवू नकोस, इथल्या ढगांचा भरवसा नाही. गाडी उन्हात लावायची आणि मिरच्यांचं ताट आत काचेमागे ठेवायचं. त्या मुलीने ते लिहून घेतलं. निघताना ती हिच्या पाया पडली. मी नाटकवेडा माणूस आहे, पण असा प्रवेश मी कुठल्याही नाट्यगृहात पाहिलेला नाही: परीक्षक विद्यार्थिनीच्या पाया पडतो आणि विद्यार्थिनी हसत हसत नापास होते.

कारण नापासच झाली. काही दिवसांनी कळलं की सध्याच्या त्रासाला पुरेसे मार्क नाहीत, तेव्हा जीपीच्या देखरेखीखाली राहा आणि त्रास वाढला तर पुन्हा या. मी हिला म्हटलं, "अगं, खरं का नाही सांगितलंस?"

"त्या एवढ्याशा पोरीपुढे काय रडत बसू?" ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. कपड्यांची बादली ती आता पायाने ढकलत नेते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

याच सुमारास मला ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात नवी नोकरी लागली. आम्ही दह्याचे आणि आइस्क्रीमचे डबे बनवतो. म्हणजे दही-आइस्क्रीम दुसरे बनवतात, आम्ही नुसते डबे. आणि कुठल्या दिवशी कुठला डबा निघणार ते मी ठरवतो. पहिल्याच आठवड्यात एच.आर.च्या बाईंनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत मला बसवलं आणि सांगितलं की कंपनीतर्फे सगळ्या कुटुंबाचा आरोग्य विमा मिळतो, आणि नवीन माणसाने ठरावीक मुदतीत नाव घातलं तर जुनी दुखणीसुद्धा त्यात धरतात, काही विचारत नाहीत. मुदत गेली की मात्र जुनी दुखणी बाहेर. मी कान टवकारले. त्यांनी पुढे सांगितलं की दोन प्लॅन आहेत, कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा, आणि एकदा ठरवलं की जुन्या दुखण्याच्या बाबतीत मागे फिरता येत नाही.

पहिला प्लॅन असा: विमा कंपनीची स्वतःची डॉक्टरांची आणि इस्पितळांची यादी. जीपीने चिठ्ठी दिली की कंपनीची नर्स फोन करते, यादीतला एक डॉक्टर सुचवते, त्याचा अहवाल कंपनी बघते, मंजूर करते, आणि बिल परस्पर इस्पितळाला जातं. यादीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दुसरा प्लॅन असा: देशातल्या कुठल्याही डॉक्टरकडे जा, कुठल्याही खासगी इस्पितळात जा, पण आधी बिल तुम्ही भरा, मग मागा, वर एक मर्यादा, आणि दर महिन्याला पगारातून जरा जास्त कापलं जाणार.

मी घरी येऊन या दोघांचं बारसं केलं. पहिल्याचं नाव खानावळ. जे शिजलं असेल ते ताटात पडणार, भाजी कुठली हे मावशी ठरवणार, पण पोट भरणार आणि पाकिटाला हात लावायचा नाही. दुसऱ्याचं नाव हॉटेल. मेनूकार्ड, वेटर, हवं ते मागवा, आणि शेवटी बिल बघून पाणी प्या.

"बाबा, यू आर लव्हिंग धिस," माझी मुलगी म्हणाली. ती युनिव्हर्सिटीत आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

खोटं कशाला बोलू? मला मजा यायला लागली होती. इतक्या दिवसांत आमच्या हातात काहीच नव्हतं. आता निवड होती, आणि निवड करायची तर माणसं बोलवावी लागतात, मतं घ्यावी लागतात. ही मात्र कामावरून आली की गाडी दारात लावून आतच बसून राहायची. मला वाटायचं फोनवर बोलत असेल. पुढे कळलं की दार उघडून पाय बाहेर काढायची तयारी करायला तिला तेवढा वेळ लागत होता.

मतदानात सगळ्यात पुढे होता माझा आतेभाऊ. तो अप्पर हटला राहतो, वेलिंग्टनला कुठल्याशा खात्यात कॉम्प्युटरचं काम करतो, आणि संध्याकाळी घरी जाताना ट्रेनमधून मला फोन करतो. ट्रेनमध्ये बाकीचे लोक गप्प असतात, म्हणून तो कुजबुजत बोलतो, त्यामुळे त्याच्या तोंडून विम्याचे नियमसुद्धा कटकारस्थानासारखे वाटतात.

"शीट पाठवलंय," तो कुजबुजला. "पिवळ्या रंगात जे आहे ते बघ."

"सगळंच पिवळं आहे."

"म्हणजेच हॉटेल घे. लेका, तुमच्या ऑकलंडला आपला डॉक्टर आहे ना, हाडांचा? गणपतीत भेटला होता तो, पुण्याचा? तो त्या यादीत आहे का?"

मी यादी बघितली. तो यादीत नव्हता.

"संपला विषय," आतेभाऊ म्हणाला. "ऑपरेशन टेबलवर मराठी कानावर पडलं की माणूस निम्मा तिथेच बरा होतो."

"टेबलवर ती बेशुद्ध असणार."

"मग शुद्धीवर आल्यावर. तू प्रत्येक गोष्टीत खुसपट काढू नकोस."

आणि खरंच, त्या दिवसापासून सगळ्यांचं मत तेच पडायला लागलं. आमच्याकडे ओळखीचा डॉक्टर ही फार मोठी गोष्ट असते. आपल्या देशात असताना तर साध्या सर्दीलाही आपण अमक्याच्या भाच्याच्या मित्राकडे जातो, म्हणजे तो नीट बघेल. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण ती सवय बॅगेतून आलीच. आपला माणूस असताना यादीतल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या हाती बायको द्यायची, केवळ कंपनीने सांगितलं म्हणून? देवळाच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी तिला डेअरीवर सोडून पेट्रोल भरायला निघालो आहे. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. तलावातल्या गृहस्थांनी तर सांगितलं की स्वातंत्र्याला किंमत मोजावीच लागते. ते कमरेपर्यंत ओले होते, तरी त्यांचं म्हणणं पटलं.

मीही मनाने हॉटेलवर जाऊन बसलो होतो. माझं पक्कं गणित होतं: ओळखीच्या माणसापुढे ही मोकळेपणी बोलेल, तो समजून घेईल, काम होईल. मुदत संपत आली होती. मी ठरवलं की एकदा डॉक्टरला घरी जेवायला बोलवू, विषय काढू, आणि दुसऱ्या दिवशी सही करून टाकू.

हिला सांगितलं तेव्हा ती भांडी लावत होती.

"त्यांची बायको पुण्याला गेलीये ना? येऊ दे मग. भरली वांगी करते," एवढंच म्हणाली. मी याचा अर्थ संमती असा घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी वांग्यांचा अर्थ लावायला चुकतो.

रविवारी दुपारी डॉक्टर आले. हातात आइस्क्रीमचा डबा. मी डबा उलटा करून खालचा शिक्का बघितला. आमच्याकडचाच होता, आणि मी ते जाहीर केलं. डॉक्टर हसले. भला माणूस. साठीच्या जवळचे, मऊ आवाजाचे, आणि खुर्चीत बसताना त्यांच्या तोंडून अगदी बारीक असा सुस्कारा निघाला, जसा आपल्या सगळ्यांच्या निघतो. ताटं वाढली गेली. भरली वांगी, कुमाराच्या काचऱ्या, म्हणजे इथल्या रताळ्याच्या, आमटी, भात, गरम पोळ्या. ही पोळ्या आणत होती आणि वाढत होती. प्रत्येक पोळी घेऊन येताना ती ओट्याला, मग फ्रिजला, मग खुर्चीच्या पाठीला असा हात लावत यायची. मी म्हटलं, बस आता, मी आणतो. ती बसली नाही.

दुसऱ्या पोळीला मी घसा साफ केला. "डॉक्टर, एक जरा विचारायचं होतं."

त्यांचा घास अर्ध्यावर थांबला. "कुणाचं, आणि कुठे?" त्यांनी विचारलं. इतक्या सवयीने विचारलं की मलाच ओशाळं वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुकान बंद करून चावी खिशात टाकलेल्या माणसाला गिऱ्हाईकाने पुन्हा शटर उघडायला लावावं, तसं काहीतरी होतं.

"हिचा खुबा."

"वहिनी, कधीपासून?"

"फार नाही हो," ही म्हणाली. "अजून एक वांगं घ्या ना. मसाला नीट लागलाय का?"

"छान लागलाय. चालताना दुखतं?"

"चालतंय. वयच झालं आता, डॉक्टर. तुम्ही जेवा बघू आधी."

"रात्री?"

"झोपते की."

मी म्हटलं, "झोपत नाही." ही माझ्याकडे हसून बघत म्हणाली, "हे घोरतात, म्हणून." मुलगी खो खो हसली. डॉक्टरही हसले. मग म्हणाले की बघू, एकदा एक्स-रे घेऊन क्लिनिकला या, घाई करण्यासारखं वाटत नाही, पण बघू. आणि वांगं घेतलं.

घाई करण्यासारखं वाटत नाही. माझा सगळा आनंद त्या वाक्यासरशी ओसरला. मला कळेना काय चुकलं. आपला माणूस, आपलं घर, आपली भाषा, आपलं वांगं, आणि ही पुन्हा नापास होत होती. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेबलावर.

डॉक्टरना गाडीपर्यंत सोडायला गेलो. दार उघडून ते क्षणभर तसेच उभे राहिले. "काल एकांकडे वास्तुशांत होती," ते म्हणाले. "जेवण कमी आणि गुडघे जास्त. तुमच्याकडे एकच खुबा होता, बरं वाटलं." मग गेले.

आत आलो तर ही ताटांसमोर बसली होती. जेवायला बसली होती, पण जेवत नव्हती. एक पाय स्टुलावर.

"सही करू नकोस," ती म्हणाली.

"कशावर?"

"हॉटेलवर."

मी समोर बसलो. मुलगी कानातली गाण्याची यंत्रं काढून दारात उभी राहिली.

"अगं, पण डॉक्टर आपले आहेत."

"म्हणूनच." तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "ज्या माणसाला मी आग्रह करून वांगं वाढते, त्याला कसं सांगू, की संडासातून उठताना मला बेसिन धरावं लागतं? उद्या हळदीकुंकवाला त्यांची बायको भेटेल. गणपतीत ते भेटतील. प्रत्येक वेळी विचारतील, वहिनी कशा आहात. आणि मी म्हणणार, बरी आहे. मला तेच येतं. ओळखीचं माणूस दिसलं की माझ्या तोंडून तेच बाहेर पडतं. त्या नाशिकच्या पोरीपुढे पडलं, आज पडलं."

"मग काय करायचं?"

"मला अनोळखी माणूस हवा. अगदी परका. ज्याला मी कोण, माहेर कुठलं, याच्याशी काही देणंघेणं नाही. जो परत कधी माझ्या घरी जेवायला येणार नाही." मग तिने ताट पुढे सरकवलं. "आणि मला निवडायचं पण नाहीये. तुम्ही सगळे किती दिवस निवडताय. मी दमले रे. कोणीतरी सांगू दे, अमुक दिवशी अमुक ठिकाणी जा. मी जाईन."

मला बोलायला खूप आवडतं हे आतापर्यंत वाचकांच्या लक्षात आलं असेल. त्या दुपारी मी उठून आमटी गरम करायला ठेवली. बेसिनची गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्या घरात बेसिन एकच आहे, आणि ते भिंतीतून थोडं सुटलेलं आहे हे मी बघितलं होतं. मला वाटलं होतं, इथली घरं लाकडाची, होतं असं.

दुसऱ्या दिवशी मी खानावळीवर सही केली. संध्याकाळी ट्रेनमधून फोन आला.

"खानावळ?" आतेभाऊ कुजबुजला. मग पुन्हा, "खानावळ? मग मी ते शीट कशाला केलं?"

"ठेव. पुढच्या माणसाला लागेल."

"पण कारण काय?"

"हिला ओळखीचा डॉक्टर नको."

"असं पण असतं का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरी चौकशी होती. मी म्हटलं, असतं म्हणे.

पुढचं सगळं खानावळीच्या शिस्तीने झालं. जीपीने चिठ्ठी पाठवली. विमा कंपनीच्या नर्सचा फोन आला. तिने एकच नाव, एकच पत्ता, एकच वेळ दिली. मी सवयीने विचारणार होतो की हा माणूस कसा आहे, कुठला आहे, कुणाला माहीत आहे का. हिने फोन माझ्या हातून घेतला, "थँक यू, सी यू देन," म्हणाली आणि ठेवून दिला. आम्हाला एवढं समजावून सांगण्यात आलं होतं की हा डॉक्टर तपासून अहवाल लिहील, त्यात त्रास किती आहे ते आलं पाहिजे, आणि त्यावरून कंपनी मंजुरी देईल. म्हणजे पुन्हा परीक्षाच. पुन्हा तेच प्रश्न.

जाताना गाडीत ती म्हणाली, "तू आत ये. पण बोलू नकोस."

"एक शब्दही नाही?"

"एकही. हसू पण नकोस. तू हसलास की समोरचा हसतो, आणि मग मी पण हसते."

डॉक्टर उंच होता, पांढऱ्या भुवयांचा, थंड हातांचा. हस्तांदोलन करून खाली बसला. आम्ही कुठले, हे विचारलं नाही. हवेबद्दल काही बोलला नाही. क्रिकेटबद्दल नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी घरून दोन चांगले किस्से तयार करून आणले होते, आणि हा माणूस त्यांना उभंही राहू देणार नव्हता. भिंतीवर एक सांगाडा टांगलेला होता, त्याच्याकडून माझ्या जास्त अपेक्षा होत्या. हिने मात्र खुर्चीत बसल्यावर प्रथमच खांदे खाली सोडलेले मी बघितले.

त्याने एक्स-रे बघितला. हिला झोपवून पाय फिरवला, सोडला, पुन्हा फिरवला. ही छताकडे बघत होती. मग परत खुर्चीत बसवून, कीबोर्डवर हात ठेवून, मान वर न करता त्याने विचारलं, "कामाच्या एखाद्या नेहमीच्या दिवशी कसं असतं?"

"इट्स ओके," ही म्हणाली. "आय मॅनेज."

मी माझ्या बुटांकडे बघितलं. मला वाटलं, गेलं. आता अहवालात ओके जाणार, मंजुरी अडकणार, आणि ही पुन्हा कुठल्या तरी ऑफिसात हेडफोन लावून बसणार.

पण डॉक्टरने ते टाइप केलं नाही. दिलासा दिला नाही, मान डोलावली नाही, पुढचा प्रश्नही विचारला नाही. त्याला बहुधा घाई नव्हती आणि हिचं मन राखण्याची गरजही नव्हती. तो नुसता थांबला. खोलीतला हीटर घरघरत होता. हिने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. माझ्याकडे बघितलं, आणि मी दिलेला शब्द पाळून चेहरा लाकडाचा ठेवला. मग तिने त्या परक्या माणसाकडे तोंड वळवलं आणि तिच्या तोंडून ते एका दमात निघून गेलं, इंग्रजीतच, पण मला ते अजूनही मराठीतच ऐकू येतं:

"खाली बसून मुलांना गोष्ट सांगते, आणि ती संपली की मला उठताच येत नाही, म्हणून मी दुसरी सांगते."